बोर्डामागची नोंदवही

एखाद्या मोठ्या कार्यालयात, रुग्णालयात किंवा साखर कारखान्यात टेबलाटेबलांवर दिसणारे दूरध्वनी संच दूरसंचार कंपनीच्या केंद्राशी थेट जोडलेले नसतात. ते त्याच इमारतीत कुठल्या तरी जिन्याखाली किंवा भांडाराशेजारच्या खोलीत बसवलेल्या एका छोट्या, खासगी दूरध्वनी केंद्राला जोडलेले असतात आणि ते केंद्र पुढे मोजक्या लाइनींनी बाहेरच्या जाळ्याशी जोडलेले असते. या खासगी केंद्राला भारतात ईपीएबीएक्स म्हणतात, पण कार्यालयीन बोलण्यात तो अजूनही ‘बोर्ड’च असतो आणि त्याचा क्रमांक हा ‘बोर्ड नंबर’. बोर्डाच्या आतल्या बाजूच्या प्रत्येक संचाला एक्स्टेन्शन म्हणतात, तर बाहेरच्या जाळ्याकडे जाणाऱ्या लाइनींना ट्रंक किंवा जंक्शन. दोनशे एक्स्टेन्शनांचा कारभार दहा-पंधरा ट्रंकांवर चालतो, कारण सगळी माणसे एकाच वेळी बाहेर बोलत नसतात आणि आपसातले बोलणे इमारतीबाहेर जातच नाही.

अशा यंत्रणेची व्यवस्था पाहणे म्हणजे महिन्याचे बिल भरणे आणि लाइन बंद पडली की तंत्रज्ञाला बोलावणे, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक संस्थांत घेतला जातो. वस्तुतः या यंत्रणेत तारा, कार्डे आणि बॅटऱ्या जितक्या असतात त्याहून अधिक निर्णय साठवलेले असतात: कोणाला परदेशी फोन लावता यावा, बाहेरून आलेला कॉल आधी कोणाकडे वाजावा, त्याने उचलला नाही तर कोणाकडे जावा, रात्री दहानंतर काय व्हावे, दुसऱ्या शनिवारी काय व्हावे. माणसे बदली होऊन जातात, विभाग मजले बदलतात, निवृत्त अधिकाऱ्याची केबिन बैठकीची खोली होते, आणि यंत्रात मात्र जुनेच कार्यालय नांदत राहते. यंत्राचे भाग निकामी होण्यापेक्षा ही तफावत वाढत जाण्यामुळेच दूरध्वनी यंत्रणा अधिक वेळा निरुपयोगी ठरते, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

व्यवस्थेचा पहिला प्रश्न येतो तो बाहेरच्या लाइनी किती घ्याव्यात हा, आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज शंभर वर्षांपूर्वीच संपली. आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत असताना १९०९ साली दूरध्वनी कॉलना संभाव्यतेचे गणित लावून दाखवले आणि १९१७ साली लाइनींची संख्या ठरवण्याचे सूत्र मांडले. दूरध्वनीवरील वर्दळ मोजण्याचे एकक आज त्याच्याच नावाने ओळखले जाते: एक लाइन सलग तासभर व्यापलेली असणे म्हणजे एक एरलांग. एखाद्या कार्यालयात सर्वाधिक गर्दीच्या तासात १०० कॉल होत असतील आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालत असेल, तर एकूण ३०० मिनिटांचे, म्हणजे ५ एरलांगचे बोलणे झाले. भाबड्या हिशेबाने त्याला ५ लाइनी पुरायला हव्यात. परंतु कॉल शिस्तीने रांग लावून येत नाहीत, कधी पाच मिनिटे शांतता असते आणि कधी आठजण एकदम फोन करतात, त्यामुळे ५ लाइनी ठेवल्यास सुमारे २८ टक्के कॉलना लाइन मिळत नाही. १० लाइनींवर हे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे खाली येते आणि ११ लाइनींवर १ टक्क्याच्या आत. गंमत पुढेच आहे. बोलणे दुप्पट होऊन १० एरलांगवर गेले तर २२ लाइनी लागत नाहीत, १८ पुरतात. म्हणजे गट जितका मोठा तितकी प्रत्येक लाइन अधिक राबते. विक्री विभागाला चार, लेखा विभागाला तीन आणि साहेबांना दोन अशा लाइनी राखून ठेवणे हे प्रतिष्ठेला कितीही शोभत असले तरी गणिताच्या दृष्टीने उधळपट्टीचे आहे, आणि एका विभागाच्या लाइनी रिकाम्या असताना शेजारच्या विभागाच्या ग्राहकाला बिझी टोन ऐकू येण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. आधुनिक यंत्रणा प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, एक्स्टेन्शन, लावलेला क्रमांक आणि कालावधी यांची नोंद ठेवते. ही नोंद बिलाच्या तंट्याखेरीज सहसा कोणी उघडत नाही, आणि लाइनी वाढवण्याचा निर्णय तक्रारींच्या आवाजावर होत राहतो.

जानेवारी १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे भारतातील पहिली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, तेव्हा जोडणी हाताने होत असे. ऑपरेटर समोरच्या फळीवरील छिद्रात दोरीच्या टोकाची खुंटी खोचून दोन ग्राहकांना जोडत असे, आणि ‘बोर्ड’ हा शब्द त्या फळीचा वारसा आहे. हाताने जोडणी टाळणारे स्वयंचलित यंत्र ॲल्मन स्ट्रॉजर या अमेरिकेतील अंत्यविधी व्यावसायिकाने बनवले. गावातल्या ऑपरेटरकडून आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवली जातात, असा त्याला संशय होता असे सांगितले जाते. त्याला १८९१ साली पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्याच्या पद्धतीचे केंद्र सुरू झाले. भारतीय कार्यालयांत मात्र हाताने चालणारे बोर्ड पुढे कितीतरी दशके टिकले. ग्राहकाच्या आवारात बसवायची उपकरणे बनवण्याची मुभा खासगी उद्योगांना १९८४ साली मिळाली, त्याच वर्षी सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने विकसित केलेल्या १२८ जोडण्यांच्या इलेक्ट्रॉनिक केंद्राचे तंत्रज्ञान अनेक भारतीय उत्पादकांना देण्यात आले. कर्नाटकातील कित्तूर येथे १९८६ साली सुरू झालेले ग्रामीण केंद्र आणि शहरांतील कार्यालयांचे खासगी बोर्ड ही एकाच घराण्यातली भावंडे होत.

या स्थित्यंतरात जी गोष्ट नजरेआड झाली ती म्हणजे ऑपरेटरच्या डोक्यातली माहिती. देशपांडे साहेब मंगळवारी कोर्टात असतात, बिलाची चौकशी पहिल्या मजल्यावर न देता तळमजल्यावर द्यायची, अमुक ग्राहकाला ताटकळत ठेवायचे नाही, ही सारी जाण जुन्या बोर्डावरील व्यक्ती रोजच्या रोज आपसूक सुधारत असे. इलेक्ट्रॉनिक यंत्र आले तेव्हा ती जाण कोष्टकांत भरावी लागली, आणि कोष्टके आपणहून सुधारत नाहीत. यंत्रणेचा व्यवस्थापक हा त्या अर्थाने ऑपरेटरचाच उत्तराधिकारी असतो. फरक इतकाच की त्याला हे काम आपले आहे याची कल्पना बहुधा दिलेली नसते, कारण ते संगणक विभाग, प्रशासन आणि वीजतंत्री यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळत असते.

कोष्टकांतले पहिले आणि सर्वांत चिवट कोष्टक क्रमांकयोजनेचे. एक्स्टेन्शन तीन आकडी असावे की चार आकडी, पहिला आकडा मजला दाखवावा की विभाग, बाहेरची लाइन ० दाबून मिळावी की ९ दाबून, हे एकदा ठरले की ते फलकांवर, लेटरहेडवर आणि माणसांच्या बोटांत बसते व नंतर बदलणे फार जड जाते. मजल्यावरून क्रमांक देण्याची पद्धत नीटनेटकी दिसते, पण विभाग वरच्या मजल्यावर गेला की ती एक तर मोडते किंवा सर्वांना नवे क्रमांक पाठ करायला लावते. तीन आकडी एक्स्टेन्शन १ पासून सुरू करण्यात आणखी एक खोच आहे: १००, १०१, १०८, ११२ हे आणीबाणीचे क्रमांकही १ पासूनच सुरू होतात, आणि ११२ हे लेखापालाचे एक्स्टेन्शन असेल तर घाबरलेल्या माणसाने थेट दाबलेला ११२ लेखापालाच्या टेबलावर वाजतो.

क्रमांकांचे नियम बाहेरूनही बदलतात. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले. घरगुती ग्राहकाला एक जादा बटण दाबावे लागले, एवढाच याचा अर्थ होता. कार्यालयांत मात्र बाहेरची लाइन घेण्यासाठी एक शून्य आणि मोबाइलसाठी दुसरे, अशी दोन शून्ये आली. ज्या यंत्रणांत ‘बाहेरची लाइन मिळाल्यानंतर पहिला आकडा शून्य असेल तर तो एसटीडी कॉल’ असा जुना नियम लिहिलेला होता आणि एसटीडीची परवानगी फक्त वरिष्ठांना होती, तेथे कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे मोबाइलचे कॉल अडकणे क्रमप्राप्त होते. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, ते सांगितलेले काम चोख करीत होते. दुरुस्ती कोष्टकात दोन ओळी बदलण्याची होती, पण ते कोष्टक कुठे आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हे माहीत असणाऱ्या माणसाची त्यासाठी गरज होती.

कोणत्या एक्स्टेन्शनला कुठवर पोहोचता यावे याच्या श्रेणी ठरवलेल्या असतात; तंत्रज्ञ त्यांना क्लास ऑफ सर्व्हिस म्हणतात. उपाहारगृहातल्या संचावरून फक्त आतल्या आत, लिपिकांच्या संचावरून शहरात, व्यवस्थापकांच्या संचावरून देशात आणि संचालकांच्या संचावरून परदेशात, अशी ही उतरंड एसटीडीचा दर मिनिटाला खिशाला चटका लावणारा होता त्या काळात घडली. देशांतर्गत बोलणे आता जवळजवळ फुकट झाले असले तरी पुष्कळ कार्यालयांत ती जशीच्या तशी उभी आहे, आणि माणसे ती टाळून स्वतःच्या मोबाइलवरून कार्यालयाचे काम करतात, ज्याची नोंद कुठेच राहत नाही. आयएसडीचे कुलूप मात्र आजही हवे. त्याचे कारण पुढे येईल.

श्रेणींच्या शेजारी असतात ते गट आणि वेळापत्रके. एक क्रमांक लावला की विभागातील चार संच एकदम किंवा एकामागून एक वाजावेत, अशा गटाला हंट ग्रुप म्हणतात. त्यात सुट्टीवर गेलेल्या माणसाचा संच पहिला असेल तर प्रत्येक ग्राहक आधी एका रिकाम्या खुर्चीसाठी वीस सेकंद थांबतो. कॉल स्वतः उचलून ‘विक्रीसाठी एक दाबा’ असे सांगणाऱ्या सोयीला ऑटो अटेंडंट म्हणतात. तिची ध्वनिमुद्रणे उत्साहाने केली जातात आणि विसरली जातात, त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छा संक्रांतीपर्यंत ऐकू येणे ही भारतीय कार्यालयीन जीवनातील एक परिचित गोष्ट आहे. रात्रीच्या व्यवस्थेत बाहेरचे कॉल पहारेकऱ्याच्या संचाकडे वळवतात. ही वळवणी घड्याळावर अवलंबून असते, आणि वीज जाऊन यंत्राचे घड्याळ चुकले की भरदुपारी कारखान्याचे सगळे कॉल फाटकावर वाजू लागतात.

कोष्टकांच्या खाली तारांचे जग आहे आणि तेथे निगा हा शब्द शब्दशः लागू होतो. बोर्डातून निघणाऱ्या आणि इमारतीभर पसरणाऱ्या तारा एका चौकटीत समोरासमोर येतात. तिला एमडीएफ, म्हणजे मुख्य वितरण चौकट, म्हणतात. तिच्या एका बाजूला यंत्राचे पोर्ट असतात, दुसऱ्या बाजूला टेबलांकडे जाणाऱ्या तारांच्या जोड्या, आणि दोहोंना जोडणारी सुटी तार म्हणजे जंपर. एखाद्या अधिकाऱ्याने जागा बदलली तर भिंतीतली केबल हलवावी लागत नाही, जंपर बदलला की जुना क्रमांक नव्या टेबलावर वाजतो. तारा बसवण्यासाठी दहा जोड्यांच्या क्रोन मॉड्यूलचा वापर सर्रास होतो. त्यात तार सोलावी लागत नाही, पंचिंग टूलने दाबली की धातूची पाती आवरण चिरून तांब्याला भिडते. हत्याराऐवजी पेचकसाने दाबलेली तार त्या दिवशी चालते आणि काही महिन्यांनी खरखरू लागते.

केबलमधल्या जोड्या ओळखण्यासाठी रंगांची एक साधी, सुंदर पद्धत आहे: पांढरा, लाल, काळा, पिवळा आणि जांभळा हे पाच मुख्य रंग आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी व करडा हे पाच जोडीदार, मिळून पंचवीस जोड्या. पांढरा-निळा ही पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी, लाल-निळा सहावी. प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, कारण पिळामुळे शेजारच्या जोडीतला आवाज आणि विजेच्या तारांची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि एकमेकींना छेदून नाहीशी होते. घाईत एक तार या जोडीतली आणि एक त्या जोडीतली घेतली तर फोन चालतो, पण दुसऱ्याचे बोलणे ऐकू येऊ लागते. अशा चुका शोधण्याचे साधन एकच, ते म्हणजे कोणती जोडी कोणत्या पोर्टवरून कोणत्या टेबलावर जाते हे लिहिलेला तक्ता. हा तक्ता नवी यंत्रणा बसते त्या दिवशी अचूक असतो. दोन-तीन वर्षांत एमडीएफमध्ये कुठेही न जाणारे जंपर साठतात, नवा तंत्रज्ञ त्यांना हात लावायला धजत नाही, आणि मोकळ्या जोड्या असूनही नवी केबल ओढली जाते.

महाराष्ट्रात या तारांची परीक्षा जूनमध्ये सुरू होते. दूरध्वनीच्या तारेवर ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि त्याचे धन टोक जमिनीशी जोडलेले असते, म्हणजे तार जमिनीच्या तुलनेत ऋण राहते; ओलाव्यात धन तार झपाट्याने गंजते, ऋण तार त्या मानाने बचावते, म्हणून जुन्या अभियंत्यांनी ही उलटी वाटणारी रचना निवडली. तरीही सांध्यात पाणी शिरले की दोन तारांमधून थोडा प्रवाह गळू लागतो. रिसीव्हर उचलला की तारेचे वर्तुळ पूर्ण होऊन प्रवाह वाहतो आणि त्यावरूनच यंत्राला मागणी कळते. गळती वाढली की रिसीव्हर जागेवर असतानाही तो उचलला आहे, असा यंत्राचा समज होतो आणि तो संच कायमचा बिझी दिसतो. घंटेसाठी याच तारेवर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जातो, त्यामुळे ओल्या जोडीवर कधी फोन एकदाच वाजून थांबतो. उघड्यावरून दुसऱ्या इमारतीकडे जाणारी केबल विजेच्या कडकडाटात सर्वांत आधी बळी पडते. तिच्यावर वायुभरित नळीचे संरक्षक लावतात, जे दाब मर्यादेबाहेर गेला की तो जमिनीत सोडतात. परंतु यंत्राचे अर्थिंग कोरड्या मातीत नावापुरते गाडलेले असेल तर तो दाब जमिनीऐवजी कार्डांतून वाट काढतो आणि आठ-सोळा संचांचे कार्ड एकदम जाते.

बॅटऱ्यांबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे इतकेच की बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट मिळवतात, त्यांतली एक बाद झाली की चारही निरुपयोगी होतात, आणि बंद, तापलेल्या खोलीत त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. निर्देशक दिवा हिरवा आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, मुख्य पुरवठा तोडून यंत्र किती वेळ तग धरते हे पाहावेच लागते.

काही दोष असे असतात की ते तारांतही नसतात आणि कोष्टकांतही नसतात, दोन यंत्रांच्या समजुतीत असतात. जुन्या तांब्याच्या लाइनीवर समोरच्याने फोन ठेवला हे बोर्डाला सांगणारा स्वतंत्र संकेत बहुधा येत नाही. येतो तो बिझी टोन, आणि तो ओळखून बोर्डाने लाइन सोडायची असते. भारतात हा टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा असतो. परदेशी बनावटीचे यंत्र दुसऱ्या देशाच्या टोनवर बेतलेले राहिले तर संभाषण संपूनही लाइन अडकलेली राहते, एकेक करून सगळ्या लाइनी गोठतात आणि यंत्र बंद-चालू केले की सारे ठीक होते. रोज सकाळी बोर्ड रिसेट करण्याची प्रथा ज्या कार्यालयांत पडलेली आहे, तेथे हे कारण आधी तपासावे. तीच गोष्ट कॉल दुसऱ्याकडे देताना दाबायच्या फ्लॅश बटणाची. ते बटण लाइन क्षणभर तोडते. काही संच ती एक दशांश सेकंद तोडतात, काही सहा दशांश सेकंद. बोर्डाची अपेक्षा वेगळी असेल तर एका बाजूला काहीच होत नाही आणि दुसऱ्या बाजूला कॉल कटतो, आणि दोष मात्र नव्या रिसेप्शनिस्टच्या माथी येतो.

गेल्या दोन दशकांत आवाज संगणकाच्या जाळ्यावरून जाऊ लागला. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचा नमुना घेऊन तो आकड्यांत मांडला की ६४ किलोबिटचा प्रवाह तयार होतो. त्याचे सेकंदाला पन्नास तुकडे करून प्रत्येकाला पत्ता चिकटवला की एका बाजूला सुमारे ८० ते ९० किलोबिट लागतात. कॉल जुळवण्याचे काम एसआयपी नावाचा नियमसंच करतो आणि आवाज वेगळ्या वाटेने, आरटीपीमधून जातो. या दोन वाटा वेगळ्या असल्यामुळेच फोन वाजतो, उचलला जातो, पण एकाच बाजूला ऐकू येते, हा नव्या यंत्रणांचा ठरलेला विकार उद्भवतो: फायरवॉलने बोलावणे आत सोडलेले असते आणि आवाज अडवलेला असतो. तुकडे एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणून जाळ्यातील स्विचांना आवाजाचे तुकडे आधी पाठवण्याची सूचना द्यावी लागते, नाहीतर कोणी मोठी फाइल उतरवू लागला की संभाषणाचे तुकडे पडतात. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली लिहायला घेतलेल्या ॲस्टरिस्क या मुक्त प्रणालीमुळे साध्या संगणकावर असा बोर्ड उभा करणे लहान संस्थांनाही परवडू लागले. मात्र जुना संच केंद्राकडून येणाऱ्या विजेवर चालत असे. नव्या संचाला वीज जाळ्याच्या स्विचकडून मिळते आणि मजल्यावरचा तो स्विच यूपीएसवर नसेल तर वीज जाताच सगळी टेबले मुकी होतात. दोन शहरांतील कार्यालये खासगी डेटा लाइनीने जोडून आपसात बोलता येते, परंतु बाहेरचा कॉल त्या लाइनीवरून नेऊन दुसऱ्या शहरात स्थानिक कॉल म्हणून सोडण्यावर भारतीय नियमांचे बंधन आहे, आणि ते पाळले जाईल अशी विभागणी यंत्रातच करून ठेवणे ही व्यवस्थापकाची जबाबदारी ठरते.

आयएसडीच्या कुलपाचा मुद्दा येथे येतो. बाहेर असलेल्या कर्मचाऱ्याला बोर्डावर फोन करून, सांकेतिक क्रमांक दाबून, बोर्डाच्याच लाइनीवरून पुढे कॉल लावता यावा अशी सोय बऱ्याच यंत्रणांत असते. सांकेतिक क्रमांक १२३४ असला किंवा कारखान्यातून आला तसाच राहिला तर ती सोय चोरालाही मिळते. इंटरनेटवरील बोर्डांचे दरवाजे तर आपोआप चाचपणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात. चोर फुकट गप्पा मारण्यासाठी येत नाही; परदेशातील काही महागड्या क्रमांकांवर आलेल्या कॉलच्या उत्पन्नाचा वाटा त्या क्रमांकाच्या धारकाला मिळतो आणि तो धारक चोराचाच साथीदार असतो. शनिवारी रात्री सुरू झालेले हे कॉल सोमवारी सकाळपर्यंत सर्व लाइनींवर चालू राहतात आणि बिल ग्राहकाच्या नावावर येते. परदेशी कॉलची गरज नसलेल्या संस्थेने ती सोय दूरसंचार कंपनीकडूनच बंद करून घ्यावी, कारण स्वतःच्या बोर्डात लावलेले कुलूप बोर्ड ताब्यात गेल्यावर उपयोगाचे नसते.

देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, बहुतेक ठिकाणी असतो, आणि त्यात सुटे भाग धरले आहेत की फक्त येणे-जाणे, हे पाहून सही केली जाते. त्याहून महत्त्वाची दोन कलमे क्वचितच दिसतात: कोष्टकांची प्रत दर बदलानंतर संस्थेच्या हाती दिली जावी आणि व्यवस्थापकीय पासवर्ड संस्थेकडेच राहावा. कंत्राटदार बदलला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला तर यंत्र पुन्हा कोरे करून सारी कोष्टके हाताने भरावी लागतात. उत्पादकाच्या भवितव्याचीही हमी नसते. अव्हाया ही जगभरातल्या बोर्डांची मोठी उत्पादक कंपनी २०१७ आणि २०२३ अशी दोनदा दिवाळखोरीपासून संरक्षण मागण्यासाठी न्यायालयात गेली. एखादे मॉडेल बंद झाले की त्याची कार्डे जुन्या बाजारात शोधावी लागतात, म्हणून बंद पडलेला बोर्ड भंगारात घालण्याआधी त्याच जातीचा दुसरा एखादा बोर्ड संस्थेत चालू आहे का, हे बघण्याचा शहाणपणा जुन्या तंत्रज्ञांत असतो.

कोष्टकातल्या एका ओळीची किंमत किती असू शकते हे टेक्सास राज्यात डिसेंबर २०१३ मध्ये दिसले. एका मोटेलच्या खोलीत एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला होत असताना तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा आणीबाणीचा क्रमांक चार वेळा लावला, पण मोटेलच्या बोर्डाला बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ हवा होता आणि मुलीला ते माहीत नव्हते. त्या स्त्रीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये संमत झाला. फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या बहुसंच यंत्रणांत ९११ थेट लागलाच पाहिजे आणि तो लावला गेल्याची सूचना इमारतीतील जबाबदार व्यक्तीला मिळालीच पाहिजे, असे त्यात आहे. भारतातील बोर्डातही ११२ हा क्रमांक शून्याशिवाय आणि शून्यासह अशा दोन्ही रीतींनी लागेल असे लिहिता येते, तो प्रत्येक श्रेणीला, अगदी उपाहारगृहातल्या संचालाही, खुला ठेवता येतो, आणि तो कोणत्या एक्स्टेन्शनवरून लावला गेला ते फाटकावरच्या संचावर दाखवता येते. त्या दृश्यपटलावर ‘२१७’ एवढेच उमटणार असेल, तर २१७ हे आज कोणत्या खोलीत आहे याचा चालू महिन्याचा तक्ता पहारेकऱ्याच्या टेबलावर असावा लागतो.